गुलिक, सहम, घटीलग्न: गणिताने काढायचे बिंदू शिकताना

राहू-केतू सोडले तर ग्रहांना आकाशात बिंब आहे. गुलिक, मांदी, धूम, होरालग्न, पुण्यसहम यांना बिंब नाही. ती फक्त गणितातून निघणारी स्थानं आहेत. म्हणून एकाच जन्मवेळेच्या दोन पत्रिकांत रवी-चंद्र कलाकलांनी जुळतात आणि गुलिक मात्र एकीत कर्केत, दुसरीत सिंहेत सापडतो. नवखा माणूस इथेच गडबडतो आणि एक पत्रिका चुकीची ठरवून मोकळा होतो. बहुतेक वेळा दोन्ही गणितं बरोबर असतात, गृहीत धरलेली रीत वेगळी असते. फलिताकडे वळण्याआधी या रिती ओळखायला शिका.

सुरुवात सूर्योदयापासून. उदाहरणाला आपलं इंदूर घेऊ. इंदूरचं अक्षांश 22°43', रेखांश 75°52'. भारतीय प्रमाणवेळ 82°30' रेखांशाची, म्हणजे इथली स्थानिक वेळ घड्याळाच्या साडेसव्वीस मिनिटं मागे. उज्जैन 75°46' वर आहे, तिथला सूर्योदय इथे बिनदिक्कत चालतो. पण इंदूरच्या बऱ्याच मराठी घरांत भिंतीवर मुंबई-पुण्याचं पंचांग असतं, आणि त्यातला सूर्योदय उचलला की घोटाळा होतो. जूनच्या शेवटच्या आठवड्यात इंदूरला सूर्य 5:43 च्या सुमारास उगवतो, मुंबईला 6:03 च्या. हा वीस मिनिटांचा फरक चंद्राला जेमतेम जाणवतो, पण घटीलग्नाला फार मोठा असतो. लग्न म्हणजे पूर्व क्षितिजावर उगवणारा राशीचा अंश; घटीलग्न, होरालग्न, भावलग्न ही सूर्योदयापासून ठरावीक गतीने मोजलेली लग्नं. घटीलग्न एका घटीत, म्हणजे 24 मिनिटांत, पूर्ण रास ओलांडतं; वीस मिनिटांत ते 25 अंश सरकतं. होरालग्न तासाला एक रास चालतं, ते 10 अंशांनी चुकतं. भावलग्नाला राशीमागे दोन तास लागतात, म्हणून ते 5 अंशांनीच हलतं.

सूर्योदय म्हणजे नेमकं काय, हेही आधी ठरवा. बिंबाची वरची कड क्षितिजावर दिसली तो क्षण, की बिंबाचा मध्य वक्रीभवन (हवेतून किरण वाकणं) न धरता क्षितिजावर आला तो? इंदूरच्या अक्षांशावर दोन्हींत जूनमध्ये साधारण चार मिनिटांचं अंतर पडतं. घटीलग्नाला तेवढ्याने 5 अंशांचा फरक पडतो.

आता गुलिक. दिवसाचा जन्म असेल तर दिनमानाचे, म्हणजे उदयापासून अस्तापर्यंतच्या वेळेचे, आठ समान भाग करा. पहिला भाग त्या वाराच्या स्वामीचा, पुढचे वारांच्या क्रमाने, आठवा बिनस्वामीचा. शनीचा भाग तो गुलिकाचा: रविवारी सातवा, सोमवारी सहावा, असं उतरत शनिवारी पहिला. रात्रीच्या जन्माला मोजणी त्या वारापासून पाचव्या वाराच्या स्वामीपासून सुरू होते, म्हणून रविवारी रात्री गुलिकाचा भाग तिसरा. मध्यरात्रीनंतरचा जन्म असेल तर वार आदल्याच दिवसाचा धरायचा. वार सूर्योदयाला बदलतो. नवख्यांची सर्वांत नेहमीची चूक हीच.

जूनअखेरचा एक गुरुवार घेऊ. उदय 5:43, अस्त 7:15. दिनमान 812 मिनिटं, आठवा हिस्सा साडेएकशेएक. गुरुवारी शनीचा भाग तिसरा, तो 9:06 ला सुरू होतो आणि त्या क्षणी उगवणारं लग्न म्हणजे गुलिक. काही जण भागाचा शेवट धरतात, तेव्हा वेळ 10:47 होते. मांदीचं गणित निराळं. 30 घटींच्या दिवसाला रविवारपासून 26, 22, 18, 14, 10, 6, 2 घटी, आणि दिनमानानुसार त्रैराशिक. गुरुवारच्या 10 घटी म्हणजे 812 चा तिसरा हिस्सा, 271 मिनिटं. मांदी 10:14 ची. गुलिक आणि मांदी यांत 68 मिनिटं, लग्नाचे सुमारे पंधरा अंश. मांदी आणि गुलिक एकच, असं सर्रास म्हटलं जातं. तुम्ही तसं धरणार असाल तर निदान कुठल्या गणिताने काढलं ते पत्रिकेवर लिहा.

धूमादी पाच अप्रकाश ग्रह सर्वांत सोपे, आणि हात बसवायला उत्तम. रवी मिथुन 10°, म्हणजे मेषारंभापासून 70°. त्यात 133°20' मिळवले की धूम 203°20'. 360 मधून धूम वजा केला की व्यतीपात 156°40'. त्यात 180 मिळवून परिवेष 336°40'. 360 मधून परिवेष वजा, इंद्रचाप 23°20'. त्यात 16°40' मिळवले की उपकेतू 40°. उपकेतूत एक रास मिळवा. पुन्हा रवीचे 70° आले तर आकडेमोड बरोबर. असा स्वतःचा ताळा देणारं गणित या विषयात दुर्मीळ आहे, तो रोज घ्या.

पुण्यसहम आणि पाश्चात्त्यांचा भाग्यबिंदू यांचं सूत्र मुळात एकच: दिवसा लग्न + चंद्र − रवी, रात्री लग्न + रवी − चंद्र. लग्न 192°, चंद्र 35°, रवी 70° असेल तर दिवसा 157°, कन्या 7°. रात्रीच्या सूत्राने 227°, वृश्चिक 17°. ताजिकात, म्हणजे वर्षफलाच्या पद्धतीत, एक पायरी जास्त. ज्यातून वजा केलं आणि जे वजा केलं त्यांच्या दरम्यान लग्न येत नसेल तर एक रास वाढवतात. वरच्या उदाहरणात दिवसा रवीपासून चंद्रापर्यंत जाताना लग्न वाटेत येतं, वाढ नाही. रात्री चंद्रापासून रवीपर्यंत येत नाही, म्हणून सहम धनु 17° वर जातं. संगणकाची पाश्चात्त्य प्रणाली ही वाढ करत नाही.

राहू-केतूबाबत थोडक्यात: मध्यम (सरासरी गतीचा) आणि स्पष्ट (त्या क्षणीचा प्रत्यक्ष) राहूत पावणेदोन अंशांपर्यंत अंतर पडतं. नक्षत्रचरणाच्या सीमेवर ते लागतं, एरवी नाही.

आधुनिक बिंदूंपैकी ‘लिलिथ’ म्हणजे चंद्रकक्षेचा उच्चबिंदू, पृथ्वीपासून सर्वांत दूरचा. मध्यम आणि तात्कालिक यांत कधी कधी तीस अंशांचा फरक, म्हणून प्रणाली कुठला देते हे पाहिल्याशिवाय वाचू नये. ‘व्हर्टेक्स’ इंदुरात विशेष जपून वापरा. क्रांतिवृत्त (रवीचा आकाशातला मार्ग) आणि सममंडल (पूर्व, माथा, पश्चिम यांतून जाणारं वर्तुळ) पश्चिमेला जिथे छेदतात तो हा बिंदू. इंदूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला असल्याने सायन (अयनांश वजा न केलेला) कर्कारंभ मध्यान्हवृत्तावर, म्हणजे माथ्यावरच्या दक्षिणोत्तर रेषेवर, येतो तेव्हा ही दोन वर्तुळं एकमेकांना जवळजवळ चिकटतात, आणि मिनिटाभरात व्हर्टेक्स कितीतरी अंश धावतो. बडोद्यालाही हाच त्रास. ग्वाल्हेर कर्कवृत्ताच्या बरंच उत्तरेला असल्याने तिथे तो पुष्कळ कमी. जन्मवेळ पाच मिनिटांच्या अंदाजाने सांगितली असेल आणि दशम (मध्यान्हवृत्तावरचा क्रांतिवृत्ताचा अंश) सायन कर्कारंभाच्या आसपास असेल, तर इंदूरच्या पत्रिकेतून हा बिंदू सरळ गाळा.

जुन्या पत्रिकांसाठी एक सूचना. 1 सप्टेंबर 1942 ते 15 ऑक्टोबर 1945 या काळात देशातली घड्याळं एक तास पुढे होती. त्या काळातला जन्म असेल तर सांगितलेल्या वेळेतून तो तास वजा करायचा की आधीच केलेला आहे, हे घरच्यांना विचारा. पत्रिकेत इष्टघटी दिलेली असेल तर तीच धरा, कारण ती सूर्योदयापासून मोजलेली असते आणि घड्याळाच्या फेरफारात बदलत नाही.