नेटवर्क टॅबमध्ये हेडर दिसतो, स्क्रिप्टला मात्र 'नल' मिळतो

पंचवटीतल्या एका मित्रासाठी लासलगाव-पिंपळगावच्या कांदाभावाचं पान करत होतो. एकूण नोंदी किती, हे सर्व्हर 'एक्स-टोटल-काउंट' या हेडरमधून, म्हणजे उत्तरासोबत येणाऱ्या माहितीच्या ओळीतून, पाठवायचा. ब्राउझरच्या डेव्हटूल्समधल्या नेटवर्क टॅबमध्ये आकडा लख्ख दिसे : ४१२. स्क्रिप्टमध्ये मागितला की 'नल', म्हणजे काहीच नाही. स्पेलिंग तपासण्यातच अख्खी संध्याकाळ गेली. तुमची तशी जाऊ नये म्हणून क्रमानं सांगतो.

आधी साधं वाचन. जावास्क्रिप्टच्या 'फेच' या फंक्शनला पत्ता द्या, त्याच्या आधी 'अवेट' लिहा. जो रिस्पॉन्स हाती येतो, त्याच्या 'हेडर्स'वर 'गेट' वापरून हेडरचं नाव मागा. नाव कॅपिटलमध्ये लिहा की स्मॉलमध्ये, चालतं. बॉडी, म्हणजे उत्तराचा मुख्य मजकूर, पूर्ण उतरेपर्यंत थांबायची गरज नाही, हेडर त्याआधीच आलेले असतात. जुन्या कोडमध्ये 'एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट' असेल तर 'गेटरिस्पॉन्सहेडर' आहे. ते रेडीस्टेट २ झाल्यावरच, म्हणजे हेडर येऊन पोचल्यावरच, उत्तर देतं.

'नल' आला तर 'हेडर्स'वर लूप फिरवून सगळी नावं कन्सोलमध्ये छापा. नेटवर्क टॅबमध्ये आहे आणि या यादीत नाही, म्हणजे ब्राउझरनं तो हेडर स्क्रिप्टपासून लपवलाय.

लपवतो का? पान एका ओरिजिनवरचं आणि डेटा दुसऱ्या. ओरिजिन म्हणजे प्रोटोकॉल, होस्ट आणि पोर्ट तिन्ही मिळून. माझं पान ३००० पोर्टवर होतं, सर्व्हर ८०८० वर, तेवढ्यानंच ते परके झाले. परक्या उत्तरातले सातच हेडर स्क्रिप्टला आपसूक मिळतात : कॅश-कंट्रोल, कंटेंट-लँग्वेज, कंटेंट-लेंग्थ, कंटेंट-टाइप, एक्स्पायर्स, लास्ट-मॉडिफाइड, प्रॅग्मा. साधा 'डेट'सुद्धा त्यात नाही.

इलाज सर्व्हरवरच आहे, जावास्क्रिप्टमध्ये कितीही खटपट केली तरी उपयोग नाही. सर्व्हरच्या उत्तरात 'ॲक्सेस-कंट्रोल-एक्स्पोज-हेडर्स' घाला आणि त्यात हव्या त्या हेडरचं नाव लिहा; अनेक असतील तर स्वल्पविराम देऊन. इथे दोन ठिकाणी हमखास घसरायला होतं. ही ओळ 'ऑप्शन्स'च्या, म्हणजे ब्राउझर कधीकधी आधी पाठवतो त्या परवानगीच्या विनंतीच्या, उत्तरात घालून भागत नाही, खऱ्या 'गेट' किंवा 'पोस्ट' विनंतीच्या उत्तरातच हवी. आणि नावांऐवजी नुसती फुली, म्हणजे तारांकन, टाकाल तर कुकीसह जाणाऱ्या विनंतीला ती लागू पडत नाही. म्हणून नावंच लिहावीत, असं माझं ठाम मत आहे.

बदल करूनही 'नल'च येत असेल तर डेव्हटूल्समध्ये कॅश बंद करून पान पुन्हा लोड करा. जुनं उत्तर जुन्याच हेडरांसकट साठवलेलं असतं.

'सेट-कुकी'च्या मागे मात्र लागू नका. तो स्वतःच्या ओरिजिनवरही स्क्रिप्टला मिळत नाही, सुरक्षेसाठी तसा नियमच आहे. उघड्या पानाचेच हेडर हवे असतील तर त्याच पत्त्यावर 'हेड' पद्धतीनं, म्हणजे फक्त हेडर मागणारी, नवी विनंती पाठवा.

आमच्या सर्व्हरवर ती एक ओळ घातली आणि कन्सोलमध्ये ४१२ उमटलं. 'हेडर्स'वरचं 'गेट' आकडा नाही, मजकूर देतं, म्हणून आधी 'नंबर'मधून काढलं, एका पानावरच्या वीस नोंदींनी भागून वर पूर्ण केलं आणि कांद्याच्या तक्त्याखाली २१ पानं आली.