कॅलिफोर्नियात नोकरीत भेदभाव झाला तर: कोर्ट काय तपासतं आणि तुम्ही काय जपायचं

साहेब लहरी आहे, खडूस आहे, आपल्याच माणसांना पुढे काढतो, एवढ्यावर कॅलिफोर्नियाच्या कोर्टात खटला उभा राहत नाही. तिथल्या बहुतेक नोकऱ्या कारण न सांगताही संपवता येतात. कायदा मोडतो तो निर्णयामागे वंश, मूळ देश, धर्म, लिंग, गरोदरपण, अपंगत्व, चाळिशी आणि त्यापुढचं वय अशी मनाई असलेली बाब असेल तेव्हा. हा राज्याचा कायदा म्हणजे 'फेअर एम्प्लॉयमेंट अँड हाउसिंग अ‍ॅक्ट'. वकील त्याला 'फीहा' म्हणतात.

मूळ देश किंवा धर्मावरून झालेल्या भेदभावासाठी अमेरिकेच्या केंद्र सरकारचा मुख्य कायदा किमान १५ कर्मचारी असलेल्या मालकालाच लागू होतो. फीहाला ५ पुरतात, आणि छळाच्या तक्रारीत तर एकही पुरतो. केंद्राच्या त्या कायद्यात मनस्तापाची आणि दंडात्मक भरपाई मिळून जास्तीत जास्त ३ लाख डॉलर. फीहात अशी मर्यादा नाही. म्हणून तिथले वकील सहसा राज्याचाच कायदा पुढे करतात.

जातीचं काय, हा प्रश्न मराठी माणसांना पडतोच. फीहात जातीचा वेगळा उल्लेख नाही. तो घालणारं विधेयक, एसबी ४०३, गव्हर्नर न्यूसम यांनी ७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकाराधिकार वापरून फेटाळलं. मात्र त्यांनी दिलेलं कारण महत्त्वाचं आहे: असा भेदभाव सध्याच्या तरतुदींतच बसतो आणि आधीच मना आहे. म्हणून जातीवरून त्रास झाला असेल तर तक्रारीत 'अँसेस्ट्री', म्हणजे कूळ-पूर्वज, हे कारण निवडा. लागू असतील तर धर्म आणि वंशही. काय घडलं ते लिहिताना मात्र जात हा शब्द स्पष्ट वापरा.

आता कोर्टाची रीत. 'मी त्याला तो भारतीय आहे म्हणून काढलं' असं कुणी लिहून ठेवत नाही. त्यामुळे पुरावा बहुधा आडवळणाचा असतो आणि तो तीन पायऱ्यांनी तपासला जातो. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० साली गझ विरुद्ध बेक्टेल खटल्यात ही रीत मांडली. पहिली पायरी तुमची: तुम्ही संरक्षित गटातले आहात, काम नीट करत होता, तुमचं नुकसान झालं, आणि भेदभावाचा संशय यावा अशी परिस्थिती होती. दुसरी पायरी मालकाची: त्याने कायदेशीर कारण सांगायचं. 'कामगिरी खालावली', 'विभाग बंद केला' असं काहीतरी तो सांगतोच. तिसऱ्या पायरीवर ते कारण निव्वळ सबब आहे, हे तुम्ही दाखवायचं.

खटले बुडतात ते इथे. ज्युरीपुढे जाण्याआधीच मालक 'समरी जजमेंट', म्हणजे पूर्ण खटला न चालवता कागदांवरच निकाल, मागतो, आणि 'निर्णय चुकीचा होता' एवढंच तुमच्या हातात असेल तर न्यायाधीश खटला निकालात काढतात. चूक दाखवून भागत नाही, खोटेपणा किंवा आकस दाखवावा लागतो. त्यासाठी उपयोगी पडतं ते असं: एचआरने दिलेलं कारण आणि नंतर कोर्टात दिलेलं कारण जुळत नाही; चार वर्षं चांगले शेरे आणि गरोदरपण कळवल्यावर तीन आठवड्यांत पीआयपी (कामगिरी सुधारण्यासाठी मुदत घालून दिलेली लेखी योजना); तीच चूक केलेला दुसरा माणूस तसाच कामावर; कंपनीने स्वतःचीच ठरलेली पद्धत फक्त तुमच्यासाठी गुंडाळली. 'म्हातारा झालास', 'तुझा अ‍ॅक्सेंट कळत नाही' असले सुटे शेरे एकटे फार वजनाचे नसतात, पण २०१० च्या रीड विरुद्ध गूगल निकालानुसार ते बाजूला टाकता येत नाहीत. बाकीच्या पुराव्यासोबत धरावे लागतात.

भेदभाव हे एकमेव कारण असावं लागत नाही, पण निर्णयाला ढकलणारं भरीव कारण असावं लागतं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या हॅरिस निकालात आणखी एक मेख आहे. भेदभाव नसता तरी आपण हाच निर्णय घेतला असता, हे मालकाने सिद्ध केलं तर नुकसानभरपाई, बुडालेला पगार किंवा नोकरी परत मिळत नाही. भेदभाव झाला अशी कोर्टाची घोषणा, मनाई आदेश आणि वकिलाची फी तेवढी मिळू शकते. तुमच्या फायलीत उशिरा येण्याबद्दल खरोखरच पाच मेमो असतील, तर वकिलाला पहिल्याच दिवशी सांगा.

कागद लवकर गोळा करा. स्वतःची वैयक्तिक फाइल लेखी मागितली की मालकाने ३० दिवसांत द्यायची असते, पगाराच्या नोंदी २१ दिवसांत. तारीख, वेळ, कोण हजर होतं, नेमके शब्द काय, हे घरच्या वहीत त्याच दिवशी लिहा. कंपनीची गोपनीय कागदपत्रं किंवा कोड स्वतःच्या मेलवर पाठवू नका. मालक तेच पुढे करून भरपाई कमी करून घेऊ शकतो. आणि खाजगी बोलणं चोरून रेकॉर्ड अजिबात करू नका. भारतात ही सवय असते, पण कॅलिफोर्नियात बोलणाऱ्या सगळ्यांची संमती नसेल तर तो गुन्हा आहे.

कोर्टात जाण्याआधी राज्याच्या सिव्हिल राइट्स डिपार्टमेंटकडे तक्रार लागते. ती ऑनलाइन आणि विनाशुल्क होते. मुदत ३ वर्षं. काढून टाकलं असेल तर ती नोकरी प्रत्यक्ष सुटल्यापासून मोजतात, आगाऊ नोटिशीपासून नाही. लगेच 'राइट टू सू', म्हणजे दावा लावायची मुभा देणारी, नोटीस मागितली तर विभाग चौकशी करत नाही, आणि त्या नोटिशीपासून १ वर्षात दावा लावावा लागतो. वकील ठरला नसेल तर घाई करू नका. लागू असलेलं प्रत्येक कारण तक्रारीत लिहा, तक्रार केल्याबद्दल उगवलेला सूडसुद्धा. तिथे सुटलेला मुद्दा कोर्टात अनेकदा घेता येत नाही. छळ केला असेल तर वरिष्ठाचं नावही घाला. छळासाठी तो स्वतः जबाबदार धरला जातो, भेदभावाच्या निर्णयासाठी मात्र फक्त मालक.

एच-१बी व्हिसावर असलात तरी हे हक्क तुमचेच आहेत. पण नोकरी गेल्यावर अमेरिकेत राहायला साधारणपणे जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि त्या धास्तीत लोक सेव्हरन्सच्या, म्हणजे नोकरी सोडताना काही रक्कम देणाऱ्या कराराच्या, कागदावर सही करून दावाच सोडून देतात. नोकरी सोडताना असा करार पुढे केला तर वकिलाला विचारायचा हक्क आहे हे मालकाने सांगावं लागतं आणि किमान ५ कामकाजाचे दिवस द्यावे लागतात. वय ४० किंवा जास्त असेल तर केंद्राच्या कायद्याने वयाच्या दाव्यासाठी २१ दिवस, सामूहिक कपातीत ४५. तेवढे दिवस पूर्ण घ्या आणि सहीआधी तो कागद कामगारांच्या बाजूने लढणाऱ्या वकिलाला दाखवा. दावा हरलात तरी तो अगदीच निराधार नसेल, तर मालकाच्या वकिलाची फी तुमच्या डोक्यावर बसत नाही.