डिस्कवर जागा असूनही ‘जागा शिल्लक नाही’

कार्यालयाच्या लिनक्स सर्व्हरवरील रात्रीचा बॅकअप ‘जागा शिल्लक नाही’ असा संदेश देऊन अर्धवट थांबत होता, मात्र ‘डीएफ’ आज्ञेनुसार त्याच पार्टिशनवर (डिस्कच्या त्या भागावर) निम्म्याहून अधिक जागा मोकळी होती. आज्ञेला ‘आय’ हा पर्याय जोडल्यावर उलगडा झाला: आयनोड (प्रत्येक फाइलची माहिती ठेवणाऱ्या नोंदी) संपले होते. तेथील ईएक्सटी४ या फाइल सिस्टीममध्ये (डिस्कवर फायली साठवण्याच्या पद्धतीत) प्रत्येक फाइलला एक आयनोड लागतो आणि त्यांची संख्या फॉरमॅट करतानाच, सर्वसाधारणपणे दर १६ केबी जागेमागे एक या प्रमाणात, ठरून जाते. त्यामुळे चिमुकल्या फायली लाखोंनी साचल्या, की जागा उरूनही नवी फाइल तयार होत नाही.

शोध घेता वेब अ‍ॅप्लिकेशनच्या जुन्या सेशन फायलींचा (वापरकर्त्यांच्या भेटींच्या तात्पुरत्या नोंदींचा) फोल्डर सापडला. फायली पुसणाऱ्या ‘आरएम’ आज्ञेला तारांकन (म्हणजे ‘सर्व फायली’) देऊन इतक्या फायली पुसता येत नाहीत, कारण नावांची यादी मर्यादेबाहेर लांबते, म्हणून आठवड्याहून जुन्या फायली फायली शोधणाऱ्या ‘फाइंड’ आज्ञेच्या ‘डिलीट’ पर्यायाने काढल्या. (आधी नुसती यादी पाहावी, ‘डिलीट’ अटींच्या आधी लिहिला गेला, तर सगळेच पुसले जाते.) ही सफाई आता ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या क्रॉनमधून रोज होते. बॅकअप मात्र एक्सएफएस ही फाइल सिस्टीम असलेल्या वेगळ्या डिस्कवर हलवला, कारण तेथे आयनोड गरजेनुसार निर्माण होतात.