गोचिडी, तुंबलेली लघवी आणि आपला औषधांचा डबा

कुडाळजवळ माझं शिवणकामाचं दुकान आहे, घराच्या पडवीतच. मशीनखाली टिप्या हा गावठी कुत्रा झोपतो, कापडाच्या ढिगावर दामू बोका. मी काही डॉक्टर नाही. पण ब्लाउज न्यायला आलेल्या बायका हल्ली उभ्या उभ्या कुत्र्यामांजरांचं विचारतात, म्हणून एकदाच लिहून काढते.

जनावर ठणठणीत असतानाच त्याचा ओठ वर करून हिरडी बघून ठेवा. गुलाबी हवी. बोटाने दाबली की पांढरी होते, सोडली की दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात. त्यांची खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग बघायचा.

हे मला टिप्यामुळे कळलं. श्रावणात त्याने बांगड्याचं डोकं घातलेला भात तसाच टाकला. बांगडा टाकणारा कुत्रा तो नव्हे. ओठ वर केला तर हिरडी अस्तराच्या कापडासारखी पांढुरकी. कानाच्या घडीत आणि पायाच्या बोटांमध्ये गोचिडी, रक्त पिऊन भिजवलेल्या मटकीसारख्या टम्म फुगलेल्या. ताप १०४. (कुत्र्याचं नेहमीचंच तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. हात लावून 'अंग गरम लागतंय' म्हणण्यात अर्थ नाही. थर्मामीटरला खोबरेल लावून तो शेपटीखाली घालायचा आणि त्याच्यासाठी वेगळा ठेवायचा, हे सांगायला नको.)

रक्त तपासलं तर प्लेटलेट उतरलेल्या. एर्लिकिया, म्हणजे आपण ज्याला गोचीड ताप म्हणतो त्यातला एक. यात काही कुत्र्यांचा घोळणाही फुटतो. डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन २८ दिवस दिलं. चौथ्या दिवशी टिप्या शेपटी हलवत गेटपर्यंत गेला, आणि माणसं नेमकी इथेच गोळ्या बंद करतात. तुम्ही करू नका. ही गोळी पेढ्यातून किंवा दुधातून देऊ नका. दुधातल्या कॅल्शियममुळे ती अंगी नीट लागत नाही. मी चपातीच्या घासात लपवते. मांजराला असली गोळी दिली तर मागून पिचकारीने चमचाभर पाणी सावकाश पाजाच, नाहीतर ती अन्ननलिकेत चिकटते आणि तिथे जखम होते.

गोचिडीचाच आणखी एक आजार आहे, बबेसिया. त्यात लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होऊ शकते. त्याचे जंतू वेगळे, औषधंही वेगळी. तशी लघवी दिसली तर सकाळची वाट बघायची नाही.

गोचीड काढताना रॉकेल ओतू नका, काडी पेटवून चटका देऊ नका. बारीक टोकाच्या चिमट्याने, कातडीला अगदी चिकटून, तोंडाशी धरा आणि सरळ वर ओढा. बोटांनी चिरडू नका. स्पिरिटच्या बाटलीत टाका. पण खरं काम भिंतीत असतं. आमच्याकडे चिऱ्याच्या, गिलावा नसलेल्या भिंती, भोकाभोकांच्या. पोट भरलेली मादी कुत्र्यावरून उतरते, भिंत चढते आणि फटीत हजारांनी अंडी घालते. कुत्रा आज स्वच्छ केलात, तरी पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा तेच. आम्ही पडवीच्या भिंतीची भोकं सिमेंटने बुजवली, गोणपाट जाळून टाकलं, आणि टिप्याच्या मानेवर दर महिन्याला औषधाचे थेंब टाकतो. घरात मांजर असेल तर थेंब घेताना डॉक्टरांना तसं सांगा. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं आणि ते मांजराला विष आहे.

आता दामू. याच्या बाबतीत चूक माझी होती. दिवाळीच्या गर्दीत तो सारखा रेतीच्या ट्रेमध्ये जाऊन बसत होता, कुंथत होता. मला वाटलं बद्धकोष्ठ, म्हणून एरंडेलाचा चमचा पाजला. दुपारी त्याने माझ्या समोर, गिऱ्हाइकाच्या नव्या साडीवर, दोन थेंब सोडले, तेही लालसर. लघवी तुंबली होती. बोक्याची मूत्रनळी अरुंद असते. बारीक खडे किंवा रेतीसारखे कण असलेला चिकट, बुळबुळीत गोळा साचून ती बंद होते. मग रक्तात पोटॅशियम वाढतं आणि एक-दोन दिवसांत हृदयच थांबू शकतं. डॉक्टरांनी भूल देऊन नळी घातली, तेव्हा सुटला. म्हणून बोका ट्रेमध्ये बसतोय, पण रेती कोरडीच, हे दिसलं की हातातलं काम टाकून निघायचं. पोट दाबून बघायचं नाही. आता त्याच्या जेवणात मी पाणी मिसळते आणि रोज ट्रेमधले ओले गोळे मोजते. शेजारीण हसते, हसू दे.

आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल मांजराला कधीच नाही, अर्धी नाही, पावही नाही. तिचं यकृत ती पचवू शकत नाही. रक्त प्राणवायू वाहेनासं होतं, हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात, तोंड सुजतं. कुत्र्याला आयबुप्रोफेन नाही. कांदा, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट यांचंही तेच, त्यामुळे शिऱ्यातले बेदाणे काढल्याशिवाय टिप्याला घास नाही. मांजराने दोन दिवस तोंडाला काही लावलं नाही तर 'रुसलंय' म्हणू नका, विशेषतः ते गुबगुबीत असेल तर. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचते.

पिल्लाला उलट्या आणि घाण वासाचे रक्ताचे जुलाब झाले तर तो पार्व्हो, म्हणजे विषाणूमुळे होणारा आतड्यांचा आजार, असू शकतो. दह्याभातावर दिवस काढू नका, सलाइन लागतं. लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत पुरी करायची. रेबीजची तिसऱ्या महिन्यात, मग डॉक्टर सांगतील तशी. आणि तुम्हालाच कोणी चावलं तर आधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवा, मग त्याच दिवशी दवाखाना.

डॉक्टरांकडे जाताना मी मापाच्या वहीचं एक पान फाडून नेते. शेवटचं कधी खाल्लं, लघवी कधी झाली, रंग काय, कुठली औषधं दिली (एरंडेलसुद्धा, लाज न बाळगता), आणि वजन. औषध वजनावर ठरतं, आणि आमच्याकडे मांजर काट्यावर एकटं थांबत नाही. त्याला कवेत घेऊन उभी राहते, मग एकटी, आणि पहिल्या आकड्यातून दुसरा वजा करते.