एनटी स्कॅन करताना या चुका टाळा

बाहेर पेशंट ताटकळत बसले असले की प्रोब धरलेला हात घाई करतो, हे मला कळतं. पण एनटी, म्हणजे बाळाच्या मानेमागचं पाणी, सोनोग्राफीत मिलिमीटरच्या दशांशात मोजायचं असतं. ते जास्त भरलं तर बाळाला डाऊन सिंड्रोमसारखा गुणसूत्रांचा दोष असण्याचा धोका वाढतो. तिथे घाई करणाऱ्यांनी मशीनवर बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळ्यांत जास्त दिसणारी चूक म्हणजे मान मागे ताणलेली असताना माप घेणं. तेवढ्यानं आकडा अर्धा मिलिमीटर सहज फुगतो. हनुवटी छातीला टेकलेली असेल तर उलट कमी भरतो. मागे एक बाई बाराव्या आठवड्यात माझ्याकडे आल्या. बाहेरच्या रिपोर्टात एनटी ३.६ मिलिमीटर, म्हणजे वाढलेली. 'पिशवी साफ करून घ्या' असा सल्लाही कुणीतरी देऊन टाकलेला. सासूबाई दारातच रडू लागल्या. मी आधीची इमेज मागून घेतली. मान मागे ताणलेली होती आणि कॅलिपर, म्हणजे मापाची खूण, बाळाच्या कातडीवर नव्हे, ॲम्निऑनच्या, म्हणजे गर्भजलाच्या पिशवीच्या, पडद्यावर ठेवलेला. बाळ माझ्याकडेही पडद्याला पाठ लावूनच झोपलं होतं. बाईंना दोनदा फिरून यायला लावलं. तिसऱ्या खेपेला बाळ वळलं, पडदा सुटा दिसला. एनटी १.७, नाकाचं हाड स्वच्छ. डबल मार्कर ही आईची रक्ततपासणी जोडल्यावरही धोका कमीच निघाला. पुढे बारशाचे पेढे आले.

बाळ वळेपर्यंत मी थांबते. डोकं आणि छातीचा वरचा भाग एवढंच स्क्रीनवर भरू देते, तीन मापं घेते आणि नीट मिळालेल्यांतलं सर्वांत मोठं लिहिते, सरासरी नाही. तरीही जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी बोलावते.

बाळाची डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची लांबी ४५ ते ८४ मिलिमीटर असतानाच एनटीला अर्थ आहे. पंधराव्या आठवड्यात मोजू नका.

'वय कमी आहे, तपासणी कशाला?' असं म्हणू नका. डाऊन सिंड्रोमचा धोका विशीत साधारण १५०० त १, पस्तिशीत ३५० त १. कमी आहे, शून्य नाही.

ॲनोमली स्कॅनला, म्हणजे पाचव्या महिन्यात बाळाचे अवयव बघायच्या सोनोग्राफीला, हृदयात पांढरा ठिपका दिसला आणि बाकी सगळं ठीक, आधीचा धोकाही कमी असेल, तर तो ठळक अक्षरांत छापून घर हादरवू नका. मेंदूत कोरॉइड प्लेक्सस सिस्ट, म्हणजे पाण्याचा छोटा फुगा, दिसली तर मी आधी बाळाच्या मुठी उघडतात का ते बघते, मग हृदय. घट्ट मिटलेल्या मुठी ट्रायसोमी १८ या गंभीर गुणसूत्रदोषात दिसतात.

एनटी खरोखरच ३.५ च्या वर असेल तर एनआयपीटीवर, म्हणजे आईच्या रक्तातून बाळाच्या गुणसूत्रांचा अंदाज घेणाऱ्या तपासणीवर, थांबू नका, गर्भजल तपासणीचं बोला. गुणसूत्रं नॉर्मल आली तरी बाळाच्या हृदयाची इको हवीच. आणि एनआयपीटी पॉझिटिव्ह आली म्हणून खात्री न करता गर्भपाताचा निर्णय कुणालाही घेऊ देऊ नका.

डाऊन सिंड्रोमचा धोका '१:२५०' आला तर रिपोर्ट हातात देण्याआधी मी नवरा-सासूंना आत बोलावते आणि सांगते: अशा अडीचशे बायकांपैकी २४९ जणींच्या बाळाला हा दोष नसतो.