माळ घातली, आता रोजचं काय?

आमच्या आगारात दरवर्षी एखाददुसरा तुळशीची माळ घालून नवा माळकरी, म्हणजे वारकरी होतो. सुरुवातीला उत्साह दांडगा असतो. पहाटे काकडा, संध्याकाळी पूर्ण हरिपाठ, कपाळाला गोपीचंदन आणि बुक्का. मग ड्युटी बदलते, मुक्कामी गाडी लागते, एक दिवस नेम चुकतो, दुसरा चुकतो आणि गडी शरमेनं माळ शर्टाच्या आत ढकलायला लागतो. मी एसटीत कंडक्टर. अशा नोकरीत नेम टिकवायचा कसा, हे नव्या पोरांना सांगून सांगून आता तोंडपाठ झालंय, म्हणून लिहूनच काढतो.

माळ हौसेनं विकत घेऊन आपली आपणच गळ्यात अडकवू नका. ज्ञानेश्वरीवर ठेवायची आणि फडावरच्या, म्हणजे वारकऱ्यांच्या जुन्या परंपरेतल्या गटाच्या महाराजांच्या नाहीतर गावातल्या जुन्या वारकऱ्याच्या हातून घालून घ्यायची, अशी रीत आहे. चार माणसांसमोर शब्द दिला जातो, तो एकट्यानं दिलेल्या शब्दापेक्षा जड असतो. मटण आणि दारू त्या दिवशी सुटली. त्यात सणावाराची सवलत नाही. आणि खिशात एक जादा माळ ठेवाच. माळ तुटली तर दुसरी घालेपर्यंत बरेच माळकरी पाण्याचा घोटही घेत नाहीत, आणि ती तुटते नेमकी बाजाराच्या दिवशी, गर्दीत कुणाच्या तरी पिशवीत अडकून.

ज्ञानेश्वर महाराजांच्या हरिपाठाचे अभंग 27. टाळ-मृदंगावर, चालीत म्हटले की अर्धा-पाऊण तास सहज जातो. पहिल्याच आठवड्यात सगळे रोज म्हणायचा पण करू नका. ज्या दिवशी गाडी घाटात बंद पडली, जेवण झालं नाही आणि आगारात यायला रात्रीचे अकरा वाजले, त्या दिवशीही म्हणून होतील तेवढेच धरा. पाच धरा. वेळ मिळाला की पुढचे म्हणा. गाडी चालू असताना मात्र ओठ हलवत बसू नका, तिकिटं राहतात. मुक्कामाचं गाव असेल तर हातपाय धुऊन तिथल्या देवळात जाऊन मागे बसावं. बऱ्याच गावांत सांजेला हरिपाठ असतो. तुम्ही कोण, कुठले हे विचारायच्या आधी तुमच्या हातात टाळ येतात. मोबाइलवर हरिपाठ लावून चाल शिकायला हरकत नाही. तो लावून ठेवायचा आणि इकडं गप्पा हाणायच्या, याला मी तरी नेम म्हणणार नाही.

एकादश्या वर्षाला 24, अधिक महिना आला की 26. कॅलेंडरात कधी कधी लागोपाठ दोन दिवस स्मार्त आणि भागवत अशा दोन एकादश्या दिसतात. आपली भागवत. ड्युटीवर साबुदाण्याची खिचडी भरपूर खाल्ली की दुपारी छातीत जळजळ ठरलेली. त्यापेक्षा भगर, शेंगदाण्याची आमटी, ताक, एखादं रताळं बरं. साखरेची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारून उपास धरा. उपाशीपोटी चक्कर येऊन प्रवाशांवर पडण्यात पुण्य नाही.

आता खरं सांगायचं ते. आम्ही सगळ्यांना माऊली म्हणतो. ‘माऊली, मागं सरका’, ‘माऊली, सुट्टे द्या.’ मग त्याच माऊलीचे राहिलेले आठ रुपये विसरायचे? नव्या पोराची श्रद्धा मी इथं बघतो. पद्धत साधी आहे. बाकी द्यायची राहिली की तिकिटाच्या मागं लिहायची, आणि माणूस उतरायच्या एक थांबा आधी आपण होऊन आवाज द्यायचा, त्यानं मागायची वाट बघायची नाही. म्हाताऱ्या बाया तर मागतच नाहीत, संकोचतात. त्यांच्याकडं आधी जायचं. सकाळी निघताना टपरीवाल्याकडून चिल्लर करून घ्यायची, म्हणजे ‘सुट्टे नाहीत’ हे खरं असेल तेव्हाच तोंडातून निघतं. तरीही रात्री हिशेबात पैसे जास्त निघालेच, तर ते आपले नाहीत, कॅशबरोबर भरून टाकायचे. सोबतचे हसतील. एकानं मला विचारलं होतं, ‘माळेचा पगार वाढवून मिळतो का रे?’ मी म्हटलं, नाही, पण झोप लागते. वाद घालायचा नाही.

आपल्या संप्रदायात वयानं, जातीनं कोण मोठा ते न बघता एकमेकांच्या पाया पडतात. दिंडीत ते सोपं जातं, कारण तिथं सगळेच पडत असतात. आगारात करून बघा. आदल्या दिवशी ज्या ड्रायव्हरशी भांडण झालं त्याला सकाळी वाकून ‘रामकृष्ण हरी’ म्हणायचं, हे मला अजून जड जातं. त्याच्यापुढं एकादशी काहीच नाही.

नवस बोलू नका. तुकाराम महाराजांनी नवसाची चांगलीच टिंगल केली आहे. पोराची परीक्षा, बदली, आजारपण, हे मनात येणारच. देवळात बसून मनातलं सांगावं, पण ‘एवढं केलंस तर अकरा नारळ’ असला सौदा करू नये. एक तर त्यात देव गिऱ्हाईक होतो, दुसरं म्हणजे काम झालं नाही की माणूस हरिपाठही सोडतो. असे सोडलेले मी बघितलेत.

आषाढी हा आमचा अवघड भाग. ज्ञानेश्वर माऊलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते, तुकोबांची त्याआधी देहूहून, आणि नेमकी त्याच दिवसांत आमच्या रजा बंद, कारण पंढरपूरला जादा गाड्या. वाईट वाटतं. अशा वेळी मी अरणच्या सावता महाराजांकडं बघतो. ते मळा सोडून पंढरीला गेले नाहीत असं परंपरा सांगते, आणि आजही देवाची पालखी पंढरपूरहून त्यांच्या भेटीला अरणला जाते. तेव्हा वारकऱ्यांनी भरलेली गाडी नीट नेणं, हीच त्या वर्षीची वारी धरा. पंढरपुरात पोचल्यावर दर्शनबारीला उभं राहायला वेळ नसतो. नामदेव पायरीला डोकं टेकवा, कळसाचं दर्शन घ्या आणि परतीची गाडी लावायला चला. पायी जायचंच असेल तर आषाढीच्या मागं न लागता माघी वारी गाठा. तेव्हा गर्दी पुष्कळ कमी असते आणि रजाही मिळते, मात्र अर्ज दिवाळीतच टाकून ठेवा.