रिसेट मारायची घाई नको, आधी या चुका टाळा

दसरा-दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या मोबाईलच्या दुकानात एकाच कामाची गर्दी असते. नवीन मोबाईल घेतलाय, जुना आता बहिणीला नाहीतर गावाकडं वडलांना द्यायचाय म्हणून रिसेट मारलाय, म्हणजे फोनमधलं सगळं पुसून टाकलंय, आणि आता फोटो कुठं गेले ते शोधून द्या. रिसेटच्या आधी कोण येत नाही, सगळे नंतर येतात. बॅकअप घेतलेला काय म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं, "गूगलवर असतंय की ओ सगळं."

असतंय. पण कुठल्या गूगलवर? तिथनंच सुरू करतो, कारण ही चूक मी आठवड्यातनं एकदा तरी बघतो.

खातं कुणाचं तेच माहीत नसणं

खानापूरकडचे, जांबोटी रोडवरच्या एका गावातले काका आले होते. चार वर्षांपूर्वी त्यांनी मोबाईल घेतला तेव्हा दुकानातल्या पोरानं गिऱ्हाईकांच्या गर्दीत पटकन एक जीमेल काढून दिलं, नाव काकांचं, पुढं कसलेतरी आकडे, पासवर्ड पोराच्या डोक्यात, आणि रिकव्हरीला, म्हणजे पासवर्ड विसरला तर खातं परत मिळवायला, नंबर टाकला तो पोराचा स्वतःचा. काकांना जीमेल म्हणजे काय हेच माहीत नव्हतं, त्यांना फोन लागला, व्हॉट्सअॅप आलं, संपला विषय. चार वर्षं ते फोटो काढत राहिले आणि फोटो इमानदारीत त्या खात्यावर जात राहिले. मुलीचं लग्न, वास्तुशांती, भाताची सुगी, आणि त्यांच्या आईचे शेवटच्या वर्षातले फोटो.

मग फोन हँग व्हायला लागला. पुतण्या बारावीला, त्याला सगळं येतंय. व्हिडिओ बघून त्यानं पॉवर आणि व्हॉल्यूमची बटणं एकत्र दाबली, फोनच्या रिकव्हरी मेनूत गेला आणि दोन मिनिटांत सगळं पुसून टाकलं. फोन परत चालू झाला तेव्हा स्क्रीनवर आलं की या फोनवर आधी असलेल्या गूगल खात्यानं साइन इन करा. पुतण्यानं स्वतःचं जीमेल टाकून बघितलं, घेतलं नाही. बापाचं टाकलं, घेतलं नाही. मग दोघं बसनं बेळगावला.

हे लॉक अँड्रॉइड ५.१ पासून, म्हणजे २०१५ पासून आहे. चोरानं फोन पळवून बटणं दाबून रिसेट केला तरी त्याला वापरता येऊ नये म्हणून ठेवलंय, आणि चांगलंच केलंय. पण त्या फोनला काय माहीत समोर चोर हाय का काका. मी पोराचा नंबर शोधायला लावला, तर पोरगं दुकान सोडून गोव्याला गेलेलं, आणि खात्यावरचा नंबर त्यानं कधीच बंद केलेला. बिल ट्रंकेत सापडलं म्हणून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये फोनचं लॉक तरी निघालं. फोटो आले नाहीत. म्हणजे फोटो आहेत, कुठल्यातरी सर्व्हरवर व्यवस्थित ठेवलेले आहेत, फक्त ज्यांचे आहेत त्यांना दिसत नाहीत. आणि २ वर्षं त्या खात्याकडं कुणी फिरकलं नाही तर गूगल ते खातंच काढून टाकू शकतं, तो नियम वेगळाच. लग्नाचे थोडे फोटो मुलीच्या व्हॉट्सअॅपवर मिळाले, आजीचे दोन.

पाचशे रुपयांत लॉक तोडून देतो म्हणणारे बाजारात आहेत. मी ते काम घेत नाही, चोरीचा फोन कुठला आणि काकांचा कुठला हे मी कशावरनं ओळखणार? आणि लॉक तुटलं तरी फोटो येत नाहीतच, ते कुणी सांगत नाही.

माझी सवय सांगतो. रिसेटला आलेल्या माणसाचं जीमेल आणि पासवर्ड मी त्याच्याच हातानं दुसऱ्या फोनवर, इनकॉग्निटोमध्ये (ब्राउझरची काही लक्षात न ठेवणारी खिडकी) टाकायला लावतो. उघडलं तर पुढं. मग गूगल फोटोज उघडून त्याला दोन फोटो दाखवायला सांगतो, एक कालचा आणि एक सगळ्यात जुना. दोन्ही दिसले तरच मी बॅकअप आहे असं धरतो. "ह्या फोनमध्ये दिसतंय की" हे चालत नाही, ह्या फोनमध्ये दिसणारच, फोटो ह्या फोनमध्येच आहेत. रिकव्हरीचा नंबर स्वतःचा करून घ्या. पासवर्ड आठवत नाही म्हणून नवीन केला असेल तर रिसेटच्या आधी २४ तास थांबा, गूगलच तसं सांगतंय. ह्यावर एकजण माझ्यावर भडकला होता, कणकुंबीहून दोन गाड्या बदलून आलोय आणि उद्या या म्हणता? हो, उद्या या. चार वर्षांच्या फोटोंसाठी एक फेरी जास्त नाही. आणि रिसेट करताना सेटिंगमध्ये जाऊन आधी खातं काढा, मग तिथनंच रिसेट करा. बटणं दाबून वाइप हा फोन चालूच होत नसेल तेव्हाचा उपाय आहे.

"बॅकअप चालू आहे" एवढंच वाचून समाधान मानणं

चालू आहे म्हणजे झालाय असं नाही. गूगल फोटोज आपोआप घेतं ते कॅमेऱ्याचं फोल्डर. व्हॉट्सअॅपवर आलेले फोटो, स्क्रीनशॉट, ही फोल्डरं वेगळी चालू करावी लागतात आणि ती दहातल्या नऊ जणांची बंद असतात. हल्ली लग्नाचे फोटो कॅमेऱ्यानं कोण काढतंय, सगळे ग्रुपवर आलेले असतात.

दुसरं, १५ जीबी फुकट मिळतंय त्यात जीमेल, ड्राइव्ह, फोटो सगळं आलं, आणि अँड्रॉइडवर आता व्हॉट्सअॅपचा बॅकअपपण त्यातच मोजतात. जून २०२१ च्या आधी फोटो कमी क्वालिटीत कितीपण ठेवता यायचे, ते दिवस गेले पण लोकांच्या डोक्यातनं गेले नाहीत. १५ भरले की बॅकअप गप्प थांबतो. वर एक बारीक पट्टी येते, ती कुणी वाचत नाही.

तिसरं वायफाय. "वायफायची वाट बघत आहे" असं लिहिलेलं असतं आणि घरात वायफायच नाही, तर तो काय जन्मभर वाट बघणार. दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट चालू करा आणि हा फोन त्याला जोडा, बहुतेक वेळा ह्याला ते वायफायच वाटतंय. आणि खानापूरच्या जंगलपट्ट्यात पावसाळ्यात करंट नाही, रेंज नाही, तिथं बसून ८ जीबी अपलोड करायला जाऊ नका. शहरात पाहुण्यांकडं येता तेव्हा रात्रभर चार्जिंगला लावून ठेवा, चहापेक्षा जास्त काय मागायचं असेल तर वायफायचा पासवर्ड मागा.

मेमरी कार्ड वेगळंच आहे की, त्याला काय होतंय

ही चूक माझी स्वतःची, म्हणून जरा लांबण लावतो.

२०१८ ची गोष्ट. माझा फोन १६ जीबीचा, कायम फुल. ६४ जीबीचं कार्ड आणलं, घातलं, तर फोननं विचारलं की हे इंटर्नल स्टोरेज म्हणून वापरायचं काय. मी म्हटलं वा, वापर. ही सोय अँड्रॉइड ६ पासून आलेली, जागा वाढते, झकास वाटतं. आमच्याकडं शिवजयंती वैशाखात तिथीनं, आणि चित्ररथांची मिरवणूक रात्रभर. गल्लीच्या मंडळाचे तीन वर्षांचे व्हिडिओ, देखाव्याची तयारी, तालमी, पोरं मावळ्यांच्या वेशात झोपलेली, सगळं माझ्याकडं, कारण मी म्हणजे मोबाईलवाला. माझ्याकडं सेफ.

फोन अडकायला लागला म्हणून रिसेट मारायचं ठरवलं. माझ्या डोक्यात हिशेब असा की व्हिडिओ कार्डावर आहेत, रिसेट फोनचं होतंय, कार्ड काढून खिशात ठेवलं की झालं. ठेवलं. रिसेट केला, कार्ड परत घातलं, फोन म्हणाला हे कार्ड वाचता येत नाही, फॉरमॅट करा. कॉम्प्युटरला लावलं, त्यालाही काय कळेना. तेव्हा ट्यूब पेटली. इंटर्नल केलेलं कार्ड फोन स्वतःच्या किल्लीनं बंद करून ठेवतो आणि ती किल्ली फोनमध्येच असते. मी किल्ली माझ्या हातानं पुसलेली आणि कुलूप खिशात घालून फिरत होतो.

तीन दिवस कसली कसली रिकव्हरीची सॉफ्टवेअरं चालवली. काय निघालं नाही, निघणारही नव्हतं. आजही मंडळाची पोरं वर्गणीला आली की पावती फाडताना विचारतात, "काय मालक, कार्ड बरं हाय न्हवं?"

तेव्हा स्टोरेजमध्ये जाऊन कार्ड कसं लावलंय ते आधी बघा. इंटर्नल असेल तर ते कार्ड म्हणजे फोनचाच तुकडा समजा आणि त्यातलं सगळं फोन चालू असताना केबलनं कॉम्प्युटरवर घ्या. साधं लावलेलं असेल तर मात्र रिसेटच्या आधी काढून ठेवा, कारण काही फोनात रिसेटच्या पानावर कार्डपण पुसायचं का म्हणून टिक असते आणि घाईत लोक सगळ्या टिका मारतात.

केबलवरनं आठवलं. केबल लावल्यावर फोनवर "फाइल ट्रान्सफर" निवडा, नाहीतर नुसता चार्ज होत बसतो आणि लोक केबल खराब म्हणून नवीन घ्यायला येतात. कॉपी करा, कट कधीच करू नका, मधेच केबल हलली की फाइल ना इकडं ना तिकडं. झाल्यावर दोन्हीकडचे आकडे बघा, फोनात ३,१२० फोटो आणि कॉम्प्युटरवर २,८०० असतील तर चहा नंतर घ्या. पेनड्राइव्हवर घेणार असाल तर जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या, म्हणजे फॅट३२ वाल्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. लग्नाचा अख्खा व्हिडिओ नेमका तिथंच अडतो.

बाकीच्या, थोडक्यात

नंबर सिमवर सेव्ह केलेत म्हणून निश्चिंत राहू नका, सिममध्ये साधारण अडीचशे बसतात आणि नावंही अर्धी कापली जातात. गूगलवर हलवा आणि वर सगळ्या नंबरांची एक व्हीसीएफ फाइल काढून स्वतःलाच मेल करा.

व्हॉइस रेकॉर्डरमधलं आपोआप जातंय असं धरू नका. भजनं, आजीच्या ओव्या, जमिनीच्या वाटणीची बोलणी, जे असेल ते हातानं कॉपी करा. डाउनलोड फोल्डरचंही तेच, आधार डिजिलॉकरमधनं परत मिळेल, पहाणीचा उतारा परत काढता येईल, पण कुणीतरी एकदाच पाठवलेली पीडीएफ परत येणार नाही.

लॉक्ड फोल्डर आणि सिक्युअर फोल्डर, म्हणजे वेगळं कुलूप लावलेली फोल्डरं. जे सगळ्यांपासून लपवून ठेवलंय ते बॅकअपपासूनही लपलेलं असतं, बऱ्याचदा.

ओटीपीचं ऑथेंटिकेटर अॅप, म्हणजे लॉगिनचे कोड फोनमध्येच बनवणारं अॅप, वापरत असाल तर खात्याशी सिंक आहे का बघा. नसेल तर कोड आधी दुसऱ्या फोनवर घ्या.

आयफोनवाल्यांना आयक्लाउडवर ५ जीबीच फुकट, आणि अँड्रॉइडच्या व्हॉट्सअॅपचा ड्राइव्हवरचा बॅकअप आयफोनवर उतरत नाही. त्यासाठी दोन्ही फोन हातात असताना अॅपलचं मूव्ह टू आयओएस अॅप वापरावं लागतं, म्हणजे जुना रिसेट मारून मग नवीन लावायला बसलात की खेळ खलास.

"डिलीट झालेले फोटो परत आणा" वाली अॅपं रिसेटनंतर टाकू नका. हल्लीच्या फोनमधला डेटा एन्क्रिप्ट, म्हणजे किल्लीनं कुलूपबंद, असतो आणि रिसेटमध्ये किल्लीच जाते, तेव्हा ते अॅप जाहिराती सोडून काय दाखवणार नाही.

आणि एक, खरंच रिसेट पाहिजे का? माझ्याकडं हँग म्हणून येणाऱ्यातले निम्मे फोन नुसते गुड मॉर्निंगनं भरलेले असतात. व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज मॅनेज करून मोठे व्हिडिओ काढले की फोन पळायला लागतो. पण लोकांना तेवढा धीर नाही, त्यांना एक बटण पाहिजे.

व्हॉट्सअॅप, आणि शेवटच्या पानावर स्किप

बॅकअप परत यायला नंबर तोच लागतो आणि गूगल खातं तेच लागतं. एन्ड टू एन्ड बॅकअप, म्हणजे तुमच्याच किल्लीनं उघडणारा, चालू केला असेल तर तो पासवर्ड किंवा ६४ आकडी किल्ली कागदावर लिहून ठेवा, त्याच फोनच्या नोट्समध्ये नाही. विसरलात तर कंपनीपण काय करू शकत नाही.

एवढं सगळं नीट करूनसुद्धा माती करता येते. मागच्या वर्षी एका पोराचा सगळा बॅकअप मी स्वतः तपासून दिला, रिसेट झाला, व्हॉट्सअॅप टाकलं, नंबर टाकला, रिस्टोअरचं पान आलं, चक्र फिरायला लागलं. मी चहावाल्याला पैसे द्यायला वळलो तेवढ्यात ह्यानं स्किप दाबलं. का, तर "लई टाइम घेऊलालंय". आता ह्यात धोका असा की आपोआप बॅकअप चालू असेल तर व्हॉट्सअॅप रात्री २ च्या सुमाराला नवीन, रिकामा बॅकअप घेतं आणि ड्राइव्हवरच्या जुन्यावर तोच बसतो. आम्ही तिथल्या तिथं अॅप काढलं, परत टाकलं, तोच नंबर, तेच खातं, रिस्टोअरचं पान परत आलं. ह्या वेळी फोन मी काउंटरच्या आत ठेवला आणि त्याला सांगितलं, जा, खडेबाजारात फिरून ये, तासाभरानं ये. चाळीस मिनिटांनी आला. ब्याऐंशी टक्के झालं होतं. परत पाठवला.